काचतंतूतून संदेशवहन : प्रकाशाचे बंधन व खुणेचे रक्षण

काचेच्या तंतूतून प्रकाश कसा जातो, ह्या प्रश्नाचे उत्तर पदार्थविज्ञानाच्या शालेय पुस्तकात एका वाक्यात दिलेले आढळते. तंतूच्या आतील पृष्ठभागावर प्रकाशाचे पूर्ण आंतरिक परावर्तन होते व त्यामुळे तो बाहेर न पडता पुढे जात राहतो, असे ते उत्तर असते. ते चूक नाही. परंतु अपुरे आहे. ह्या तत्त्वाने प्रकाशास वाकड्या मार्गाने नेण्याचा प्रयोग १८४१ सालीच झाला होता. काचतंतूंतून टेलिफोनवरील संभाषणे प्रत्यक्ष वाहून नेण्यास प्रारंभ झाला तो मात्र १९७७ साली. मध्यंतरीच्या १३६ वर्षांचा उलगडा त्या एका वाक्याने होत नाही.

वस्तुतः येथे दोन निरनिराळे प्रश्न एकत्र झालेले आहेत. प्रकाश काचेत कोंडून ठेवणे, हा एक प्रश्न; आणि त्या प्रकाशावर उमटविलेली खूण शेकडो किलोमीटर अंतरावर ओळखू येईल अशा स्थितीत पोहोचविणे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर परावर्तनाच्या नियमात मिळते. दुसऱ्यासाठी खुणेस कोणते दोष जडतात, त्यांपैकी कोणते काचेच्या ठायी अंगभूत आहेत आणि कोणते बाहेरून आलेले म्हणजे आगंतुक आहेत, ह्याचा विवेक करावा लागतो. प्रस्तुत लेखाचा विषय मुख्यतः हा दुसरा प्रश्न होय. भाषेच्या अभ्यासकास तो परका वाटण्याचे कारण नाही. खुणेचे खूणपण ती इतर खुणांहून वेगळी ओळखू येण्यात असते, हा विचार फेर्दिनां द सोस्यूर ह्यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून भाषाविज्ञानात रूढ आहे. काचतंतूच्या बाबतीत त्याच विचाराची प्रचीती मोजमापाच्या रूपाने येते.

१. प्रकाशाचे बंधन

जिनीव्हा येथील शास्त्रज्ञ दानिएल कोलादों ह्यांनी १८४१ साली पाण्याच्या धारेत प्रकाश सोडून दाखविला. टाकीच्या छिद्रातून निघालेली धार जसजशी खाली वळे, तसतसा प्रकाशही तिच्याबरोबर वळत असे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल ह्यांनी १८५४ साली अशाच स्वरूपाचा प्रयोग श्रोत्यांसमोर केला. ह्या दृश्याचे कारण असे. प्रकाश दाट माध्यमातून विरळ माध्यमात शिरताना आपली दिशा बदलतो व दोन माध्यमांच्या सीमेकडे झुकतो. सीमेवर तो जितका तिरपा पडेल, तितका हा झुकाव वाढतो. एका विशिष्ट कोनानंतर प्रकाशास बाहेर पडण्यास दिशाच उरत नाही आणि तो संपूर्णपणे आत परततो. ह्या मर्यादेस क्रांतिक कोन म्हणतात. साधी काच व हवा ह्यांच्या सीमेवर तो लंबापासून मोजल्यास सुमारे ४२ अंशांचा भरतो.

ह्यावरून काचेचा उघडा तंतू पुरेसा आहे असे वाटण्याचा संभव आहे. परंतु उघड्या तंतूचा परावर्तन करणारा पृष्ठभाग म्हणजे त्याचे बाह्यांगच असते. त्यावर धूळ बसली, बोटाचा स्पर्श झाला किंवा शेजारचा तंतू टेकला, की त्या ठिकाणी प्रकाश बाहेर निसटतो. ह्यावर उपाय म्हणून तंतूभोवती कमी वक्रीभवनांकाच्या पदार्थाचे वेष्टन घालण्याची कल्पना पुढे आली. ‘नेचर’ ह्या नियतकालिकाच्या २ जानेवारी १९५४ च्या अंकात तंतूंच्या जुडग्यातून चित्र वाहून नेण्याविषयी दोन टिपणे प्रसिद्ध झाली. त्यांपैकी एक हॉलंडमधील आब्राहाम फान हील ह्यांचे होते व त्यात ह्या वेष्टनाचा विचार मांडलेला होता. दुसरे लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील हॅरल्ड हॉपकिन्स व त्यांचे विद्यार्थी नरिंदरसिंग कपानी ह्यांचे होते. पंजाबातील मोगा येथे जन्मलेल्या कपानी ह्यांनी पुढे १९६० साली लिहिलेल्या लेखामुळे ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नाव ह्या शाखेस रूढ झाले.

संदेशवहनासाठी आज सर्वत्र वापरला जाणारा तंतू शुद्ध सिलिकेचा असतो. त्याचा बाह्य व्यास १२५ मायक्रोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाहून किंचित अधिक असतो. आतील गाभा अवघा ८ ते ९ मायक्रोमीटरांचा असतो व त्याच्या काचेत जर्मेनियमच्या ऑक्साइडाचे अल्प मिश्रण करून वक्रीभवनांक थोडासा वाढविलेला असतो. हा फरक किती सूक्ष्म असतो हे ध्यानात घेण्यासारखे आहे. गाभ्याचा वक्रीभवनांक १.४६८ धरल्यास वेष्टनाचा सुमारे १.४६३ असतो. त्यामुळे क्रांतिक कोन ८५ अंशांच्या घरात जातो. म्हणजे तंतूच्या अक्षाशी सुमारे ५ अंशांच्या आत चालणारा प्रकाशच तंतूत टिकतो, आणि तंतू फार तीव्रपणे वाकविल्यास तोही निसटू लागतो. तथापि मूळ अडचण दूर झालेली असते. परावर्तनाची सीमा आता काचेच्या अंतर्भागात, काच आणि काच ह्यांच्यामध्ये असल्यामुळे बाहेरच्या धुळीचा वा स्पर्शाचा उपसर्ग तिला पोहोचत नाही.

२. खुणेचे स्वरूप

प्रकाशावर संदेश चढविण्याची रीत तंतूच्या आधीपासून ज्ञात होती. अलेक्झांडर ग्रॅहम बेल व चार्ल्स समनर टेंटर ह्यांनी १८८० साली प्रकाशभाष नावाचे यंत्र सिद्ध केले. त्यात बोलणाऱ्याच्या आवाजाने एक पातळ आरसा कंप पावे, त्यावरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश त्या प्रमाणात तीव्र वा मंद होई, आणि दूरवर ठेवलेल्या सेलेनियमच्या घटाच्या योगाने त्याचे पुन्हा आवाजात रूपांतर होई. ह्या यंत्राने २१३ मीटर अंतरावर बोलणे पोहोचविले. परंतु ह्या पद्धतीत प्रकाशाची प्रत्येक लहानमोठी तीव्रता हीच अर्थपूर्ण होती. त्यामुळे वाटेत धुके आले व प्रकाश मंदावला, तर तो संदेशातच झालेला बदल ठरे. वक्त्याने केलेला फेरफार कोणता व वाटेने केलेला कोणता, हे सांगण्याचे साधन ग्राहकाजवळ नव्हते.

ही अडचण मुळापासून दूर करणारी कल्पना अ‍ॅलेक रीव्ह्ज ह्या इंग्रज अभियंत्याने १९३७ साली मांडली. आवाजाच्या तरंगाची उंची ठराविक क्षणांनी मोजावयाची, त्या मापास जवळचा पूर्णांक द्यावयाचा आणि तो अंक शून्य व एक ह्या दोनच चिन्हांनी लिहून पाठवावयाचा, अशी ती पद्धती होय. टेलिफोनच्या व्यवहारात हे मोजमाप दर सेकंदास ८,००० वेळा होते व प्रत्येक माप ८ चिन्हांनी लिहिले जाते. म्हणून एका संभाषणास एका दिशेने दर सेकंदास ६४,००० चिन्हे लागतात. तंतूमध्ये ही चिन्हे प्रकाशाच्या स्पंदांनी लिहितात. नेमून दिलेल्या क्षणी स्पंद असला तर एक, नसला तर शून्य.

ह्या रूपांतरात काही गमावले जाते, हे येथे नमूद केले पाहिजे. सामान्य टेलिफोनसाठी आवाजातील ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ कंप्रतांचाच पट्टा घेतला जातो. मराठीतील ‘स’ ह्या घर्षकाची बरीचशी ऊर्जा ४,००० हर्ट्‌झच्या वर असते. म्हणून ‘सार’ आणि घर्षक ‘फ’ने उच्चारलेला ‘फार’ ह्यांची टेलिफोनवर गल्लत होण्याचा संभव राहतो. ही हानी तंतूने केलेली नसते. ती लिहिण्यापूर्वीच झालेली असते. मात्र एकदा चिन्हे लिहिली गेली, की पुढील प्रवासात ग्राहकास एकच निर्णय करावयाचा असतो, तो म्हणजे ह्या क्षणी स्पंद आहे की नाही. स्पंद निम्मा मंद झाला तरी तो स्पंदच असतो. खुणेचा अर्थ तिच्या तेजस्वितेवर अवलंबून न राहता तिच्या असण्या-नसण्यातील भेदावर अवलंबून राहतो. हा भेद दोन प्रकारांनी नष्ट होऊ शकतो. स्पंद इतका मंद व्हावा की तो दिसूच नये, हा एक प्रकार. आणि तो इतका पसरावा की शेजारच्या स्पंदात मिसळून जावा, हा दुसरा. पहिल्या दोषास क्षीणन व दुसऱ्यास अपस्करण म्हणतात.

३. पहिला दोष : क्षीणन

क्षीणन डेसिबल ह्या एककाने मोजतात. दर १० डेसिबलांस प्रकाशाचा दहावा भाग उरतो. अर्थात २० डेसिबलांनंतर शंभरावा भाग उरतो. १९६० च्या सुमारास उपलब्ध असलेल्या उत्तम काचतंतूंतही दर मीटरला सुमारे १ डेसिबल क्षीणन होत असे. म्हणजे २० मीटरांत प्रकाश शतांशावर येई. जठराच्या आत डोकावून पाहण्याच्या वैद्यकीय उपकरणास इतके अंतर भरपूर होते. परंतु एक किलोमीटर अंतरावर जो अंश उरला असता तो सांगण्यासाठी एकावर शंभर शून्ये देऊन होणाऱ्या संख्येने भागावे लागले असते. अशा प्रकाशास कोणत्याही ग्राहकयंत्राने ओळखले नसते. १९६० साली लेसरचा शोध लागून तीव्र व एकवर्णी प्रकाश हाती आला, तरी काचेच्या ह्या अपारदर्शकपणामुळे बहुतेक संशोधकांनी तंतूचा मार्ग सोडून दिला होता.

इंग्लंडमधील हार्लो येथील स्टँडर्ड टेलिकम्युनिकेशन लॅबोरेटरीजमध्ये चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम ह्यांनी ह्या समजुतीची तपासणी केली. रीव्ह्ज हेही त्याच संस्थेत होते. काओ ह्यांनी विचारलेला प्रश्न साधा, परंतु निर्णायक होता. काचेत होणारे क्षीणन हे काचेचे आहे, की काचेतील मलाचे? १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात असे प्रतिपादन होते की, ह्या क्षीणनाचा फार मोठा भाग लोहासारख्या धातूंच्या अशुद्धतेमुळे होतो. ती काढून टाकल्यास दर किलोमीटरला २० डेसिबलांहून कमी क्षीणन असणारा तंतू संभवतो. आणि व्यवहारोपयोगी संदेशवहनास तेवढे पुरेसे आहे. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, ज्याला सर्वजण काचेचा अंगभूत दोष समजत होते, तो त्यांनी आगंतुक ठरविला. ह्या कार्याबद्दल काओ ह्यांना २००९ सालच्या पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग देण्यात आला.

हे अनुमान खरे करून दाखविण्याचे काम अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीचे रॉबर्ट मॉरर, डॉनल्ड केक व पीटर शुल्ट्झ ह्यांनी १९७० साली केले. त्यांच्या तंतूचे क्षीणन दर किलोमीटरला १७ डेसिबल भरले. त्यांची रीत नेहमीच्या काचकामाहून अगदी वेगळी होती. वाळू वितळवून केलेल्या काचेत खनिजातील धातू राहून जातात. ते टाळण्यासाठी सिलिकॉनच्या बाष्परूप संयुगाचा उष्णतेने ऑक्सिजनशी संयोग घडवून सिलिकेची अतिसूक्ष्म पूड जमवावयाची व ती भाजून काच करावयाची, अशी ही रीत आहे. पुढे स्थिरावलेल्या पद्धतीत सिलिकॉन टेट्राक्लोराइड हे द्रव्य वापरतात. ते सहज उकळते; लोह, तांबे इत्यादिकांची क्लोराइडे मात्र इतक्या सहज बाष्परूप होत नाहीत व मागे राहतात. अशा रीतीने शुद्धीकरण हे निर्मितीच्या क्रियेतच अंतर्भूत होते. तयार झालेला काचेचा दांडा उंच मनोऱ्यावरील भट्टीत सुमारे २,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्याचा तंतू ओढतात. दांड्यातील गाभा व वेष्टन ह्यांचे प्रमाण तंतूतही तसेच राहते. ओढल्याबरोबर त्यावर प्लास्टिकचा लेप चढवितात, कारण उघड्या काचेवर सूक्ष्म ओरखडा पडला तरी ती पुढे तेथेच तुटते.

धातू निघून गेल्यावर दुसरा आगंतुक दोष पुढे आला. तो पाण्यापासून येणाऱ्या हायड्रॉक्सिल गटाचा होय. तो १.३८ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास प्रकाश शोषून घेतो. तोही कमी केल्यावर जे उरले ते मात्र काचेचे स्वतःचे होते. काच थंड होत असताना तिच्यातील अणूंची विस्कळित मांडणी तशीच गोठते, आणि घनतेतील ह्या सूक्ष्म चढउतारांमुळे प्रकाश विखुरतो. ह्यास रॅलेचे प्रकीर्णन म्हणतात. आकाशाच्या निळेपणाच्या मुळाशीही हेच प्रकीर्णन आहे. तरंगलांबी दुप्पट केली असता ते सोळाव्या हिश्शावर येते. म्हणून जितका लांब तरंग घ्यावा तितके बरे, असे वाटेल. परंतु १.६ मायक्रोमीटरच्या पुढे सिलिकॉन व ऑक्सिजन ह्यांच्या बंधांची कंपने प्रकाश शोषू लागतात. एकीकडून उतरत येणारे प्रकीर्णन आणि दुसरीकडून चढत जाणारे शोषण ह्यांच्या मधली दरी १.५५ मायक्रोमीटरच्या आसपास आहे. हा प्रकाश अवरक्त असून डोळ्यास दिसत नाही. जपानमधील संशोधकांनी १९७९ साली ह्या ठिकाणी दर किलोमीटरला ०.२ डेसिबल इतके अल्प क्षीणन साधले. सबंध प्रगतीचा हिशेब तीन आकड्यांत मांडता येतो. प्रकाश शतांशावर येण्यास १९६० च्या सुमारास २० मीटर पुरत. काओ ह्यांच्या उद्दिष्टाप्रमाणे १ किलोमीटर लागावयाचा होता. १९७९ च्या तंतूस १०० किलोमीटर लागले.

४. दुसरा दोष : अपस्करण

खूण पसरून शेजारच्या खुणेत मिसळण्याचा दोष काचतंतूहून बराच जुना आहे. १८५८ साली अटलांटिक महासागराच्या तळावरून टाकलेल्या तारायंत्राच्या पहिल्या केबलमधून राणी व्हिक्टोरिया हिचा ९८ शब्दांचा संदेश अमेरिकेस पोहोचण्यास सुमारे १६ तास लागले. विद्युत्‌प्रवाह मंदगतीने जात होता असे नव्हे. प्रत्येक विद्युत्‌स्पंद एवढ्या लांब केबलमध्ये पसरट होत असल्यामुळे, एक खूण ओसरेपर्यंत दुसरी धाडता येत नव्हती. संदेशवहनाची गती वाहकाच्या वेगावर अवलंबून नसून दोन खुणा किती जवळ आणता येतात ह्यावर अवलंबून असते, हे ह्या उदाहरणावरून स्पष्ट होते. काचेत प्रकाशाचा वेग दर सेकंदास सुमारे २ लक्ष किलोमीटर, म्हणजे निर्वातातील वेगाच्या दोनतृतीयांश असतो. ह्या बाबतीत काचतंतू तांब्याच्या तारेहून फारसा सरस नाही. त्याची थोरवी खुणा अतिशय दाटीने बसविता येतात ह्यात आहे. दर सेकंदास १,००० कोटी खुणा पाठविल्या, तर काचेत प्रत्येक खुणेच्या वाट्यास फक्त २ सेंटिमीटर लांबी येते. अशा वेळी १५० किलोमीटर लांबीच्या एका तंतूत कोणत्याही क्षणी ७५ लक्ष खुणा वाटेवर असतात.

आता हा स्पंद काचेत पसरतो कसा, ते पाहू जाता दोन कारणे आढळतात. गाभा जाड असला, तर काही प्रकाश सरळ अक्षावरून जातो व काही तिरपा, अनेकदा परावर्तित होत, अधिक लांबीच्या मार्गाने जातो. एकाच क्षणी निघालेले हे अंश निरनिराळ्या वेळी पोहोचतात. गाभा व वेष्टन ह्यांच्या वक्रीभवनांकांत एक टक्का फरक असल्यास हे अंतर दर किलोमीटरला सुमारे ५० नॅनोसेकंद भरते. म्हणजे एका किलोमीटरनंतर दर सेकंदास सुमारे २ कोटींहून अधिक खुणा वेगळ्या ओळखता येणार नाहीत. ह्यावर एक उपाय असा की, गाभ्याचा वक्रीभवनांक मध्यापासून कडेकडे हळूहळू उतरता ठेवावयाचा. त्यामुळे लांबच्या मार्गाने जाणारा प्रकाश विरळ काचेतून अधिक वेगाने जातो व मागे पडत नाही. दुसरा उपाय अधिक मूलगामी आहे. गाभाच इतका बारीक करावयाचा की त्यात एकच मार्ग उरेल.

ह्या ठिकाणी किरणांची कल्पना सोडून द्यावी लागते. गाभ्याचा व्यास तरंगलांबीच्या पाचसहा पटच असेल, तर आरशावर आपटत जाणारा किरण हे चित्र निरुपयोगी ठरते. प्रकाश हा तरंग आहे आणि अशा अरुंद जागेत त्याचे एकच स्थिर रूप संभवते. ह्या तंतूस एकरूप तंतू म्हणता येईल. त्यात प्रकाशाचा काही भाग वेष्टनातूनही गाभ्याच्या लगत चालत असतो. म्हणून वेष्टनाची काचही गाभ्याइतकीच शुद्ध असावी लागते. शालेय पुस्तकातील उत्तर अपुरे का, ह्याचे हे आणखी एक कारण होय.

मार्ग एकच ठेवला तरी दुसरे कारण राहतेच. निरनिराळ्या तरंगलांबींचे प्रकाश काचेतून निरनिराळ्या वेगांनी जातात. लोलकातून इंद्रधनुष्याचे रंग दिसतात ते ह्याच धर्मामुळे. कोणताही स्पंद काटेकोरपणे एकाच तरंगलांबीचा असत नाही. किंबहुना तो जितका आखूड करावा तितका तरंगलांबींचा पट्टा रुंद होतो. हा धर्म काचेचा अंगभूत आहे व शुद्धीकरणाने जात नाही. योगायोगाने शुद्ध सिलिकेत १.३ मायक्रोमीटरच्या आसपास हा परिणाम जवळजवळ शून्य होतो. परंतु क्षीणन सर्वांत कमी असते ते १.५५ मायक्रोमीटरला. म्हणजे एक दोष जेथे नाहीसा होतो, तेथे दुसरा सर्वांत सौम्य नसतो. १.५५ मायक्रोमीटरला दर सेकंदास १,००० कोटी खुणा साध्या रीतीने पाठविल्या, तर सुमारे ६० ते ८० किलोमीटरांनंतर त्या एकमेकींत मिसळू लागतात. ह्यासाठी उलट स्वभावाचा तंतू वाटेत जोडून पसरलेला स्पंद पुन्हा आवळण्याची युक्ती वापरीत आले. अलीकडील यंत्रांत ग्राहकाकडे प्रकाशाची तीव्रता व कला दोन्ही मोजून ही दुरुस्ती गणिताने केली जाते. अशा यंत्रांत चिन्हेही केवळ असण्या-नसण्याची न राहता तरंगाच्या कलेवर व ध्रुवीकरणावर उमटविलेली असतात. तत्त्व मात्र तेच राहते. चिन्हांची संख्या मर्यादित हवी व ती परस्परांहून वेगळी ओळखू आली पाहिजेत.

५. पुनर्लेखन आणि प्रवर्धन

शंभर किलोमीटरनंतर शतांश प्रकाश उरतो. मग महासागर कसा ओलांडावयाचा? ह्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांतील भेद हस्तलिखितांच्या अभ्यासकास सहज कळण्यासारखा आहे. जुन्या पोथीची नक्कल करणारा एक लेखक असा असतो की, जे दिसेल ते डागांसकट उतरवून घेतो. त्याच्या नकलेची नक्कल होत गेली, की डागांची भर पडत जाते. दुसरा असा असतो की, अस्पष्ट झालेले अक्षर कोणते असावे ह्याचा निर्णय करतो व ते स्वच्छ लिहितो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या पाठाची जी शुद्धी केली, ती ह्या दुसऱ्या प्रकारच्या निर्णयाची होती. प्रवर्धक हा पहिल्या लेखकासारखा असतो. तो क्षीण प्रकाश वाढवितो, पण त्याबरोबर त्यात शिरलेला गोंधळही वाढवितो. पुनर्जनक हा दुसऱ्यासारखा असतो. तो प्रत्येक क्षणी स्पंद आहे की नाही हे ठरवितो आणि नवा, नितळ स्पंद लिहितो. निर्णय योग्य झाला, तर आधीच्या वाटेवरील सर्व हानी तेथे संपुष्टात येते. निर्णय चुकला, तर मात्र चूक स्वच्छ अक्षरात पुढे जाते.

मुंबईस ह्या दोन्ही गोष्टींचा दीर्घ इतिहास आहे. इंग्लंडच्या कॉर्नवॉल प्रांतातील पोर्थकर्नो येथून निघालेला समुद्री तारायंत्राचा मार्ग १८७० साली मुंबईस येऊन पोहोचला. त्यावरील ठाण्यांत बसलेले तारमास्तर आलेला संदेश वाचीत व पुढच्या केबलवर हाताने पुन्हा धाडीत. ते मनुष्यरूपी पुनर्जनकच होते. पुढे १९९७ साली इंग्लंड ते जपान अशी सुमारे २८,००० किलोमीटरांची ‘फ्लॅग’ ही काचतंतूंची केबल पूर्ण झाली; तीही पोर्थकर्नोहून निघते व मुंबईस लागते. भारतात टेलिफोन केंद्रांना जोडणारी पहिली काचतंतूंची योजना त्यापूर्वीच, १९७९ साली, पुणे येथे कार्यान्वित झाली होती.

१९८८ साली अमेरिका, ब्रिटन व फ्रान्स ह्यांना जोडणारी अटलांटिक महासागरातील पहिली काचतंतूंची केबल सुरू झाली, तेव्हा तीत पुनर्जनकच होते. ती एका वेळी सुमारे ४०,००० संभाषणे नेऊ शके. १९५६ च्या तांब्याच्या पहिल्या टेलिफोन केबलची क्षमता ३६ होती. परंतु समुद्रतळाशी असलेल्या प्रत्येक पुनर्जनकात प्रकाशाची वीज व विजेचा पुन्हा प्रकाश करावा लागे, आणि एकदा ठरविलेला खुणांचा वेग बदलता येत नसे. १९८७ साली इंग्लंडमध्ये डेव्हिड पेन व अमेरिकेत एमान्युएल देझुर्व्हिर ह्यांच्या गटांनी अर्बियम ह्या मूलद्रव्याचा अंश मिसळलेला तंतू प्रवर्धक म्हणून वापरून दाखविला. त्यात वेगळ्या लेसरने अर्बियमचे आयन उद्दीपित करतात, आणि जाणारा क्षीण प्रकाश त्यांच्याकडून स्वतःसारखाच प्रकाश बाहेर काढवितो. ह्या प्रवर्धकाचा पट्टा १.५५ मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे जेथे काच सर्वांत पारदर्शक आहे नेमका तेथेच असावा, हा सुयोग होय. तो अनेक तरंगलांबींचे संदेश एकाच वेळी वाढवितो. त्यामुळे एकाच तंतूत अनेक वर्णांच्या प्रकाशावर निरनिराळे संदेश पाठविणे शक्य झाले. अर्थात तो पहिल्या प्रकारचा लेखक असल्यामुळे त्याच्याबरोबर गोंधळही साठत जातो. म्हणून अखेरच्या टोकाशी निर्णय करणारा ग्राहक आणि चुका ओळखून दुरुस्त करण्यासाठी संदेशात मुद्दाम घातलेली अधिक चिन्हे, ह्यांची गरज राहतेच. भाषेतही लिंग, वचन, पुरुष ह्यांच्या खुणा एकाच वाक्यात अनेकदा येतात आणि ऐकू न आलेला शब्द त्यांच्या आधारे सावरता येतो. तसाच हा प्रकार आहे.

६. उपसंहार

ह्या सर्व विवेचनाचा इत्यर्थ असा. पूर्ण आंतरिक परावर्तनाने प्रकाश तंतूत राहतो. परंतु संदेश टिकतो तो दोषांच्या विवेकाने. धातूंचा व पाण्याचा मल आगंतुक होता, म्हणून तो काढून टाकण्यात आला. मार्गांची अनेकता रचनेतून आलेली होती, म्हणून रचना बदलण्यात आली. प्रकीर्णन व वर्णानुसार होणारे अपस्करण हे काचेचे अंगभूत धर्म होते. त्यांना काढता येत नव्हते, म्हणून योग्य तरंगलांबीची निवड, प्रवर्धन व गणिती दुरुस्ती ह्यांच्या द्वारे त्यांच्याशी जुळवून घेण्यात आले. दोष कोणत्या जातीचा आहे हे ओळखल्याशिवाय त्यावरील उपाय सुचला नसता. काओ ह्यांच्या पूर्वी तंतूचा मार्ग अडला होता, तो एका आगंतुक दोषास अंगभूत मानल्यामुळे.

अंगभूत मानलेल्या धर्मांची मर्यादाही आता नव्याने तपासली जात आहे. काचेचे प्रकीर्णन काचेत टाळता येत नसेल, तर प्रकाशच काचेतून नेऊ नये, असा विचार पोकळ गाभ्याच्या तंतूत केलेला आहे. त्यात प्रकाश हवेच्या पोकळीतून जातो आणि तिच्या भोवती रचलेल्या अतिशय पातळ काचेच्या भिंती त्याला आत ठेवतात. येथे पूर्ण आंतरिक परावर्तन लागूच पडत नाही, कारण दाट माध्यम आत नसून बाहेर आहे. इंग्लंडमधील संशोधकांनी २०२५ साली अशा तंतूत दर किलोमीटरला ०.१ डेसिबलहून कमी क्षीणन साधल्याचे प्रसिद्ध केले. त्यातून जाणारा प्रकाश निर्वातातील वेगाच्या अगदी जवळ असतो. शालेय पुस्तकातील ते एक वाक्य ह्या तंतूच्या बाबतीत खरेही उरत नाही. खुणा परस्परांहून वेगळ्या ओळखू आल्या पाहिजेत, ही अट मात्र तारायंत्राच्या केबलला होती तशीच ह्या पोकळ तंतूलाही आहे.